वर्गाचे तीस कोसे

माझ्या आईला कसलाही आजार नव्हता. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी, शिकलेली सवरलेली डॉक्टर, तिला एक आजार चिकटवून दिला. तो अजून तिच्या अंगावर आहे.

मी इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांचे आजार बघते. विसरायला लागलेली माणसं हे माझं रोजचं काम. माझी आई भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात कोशाचं सूत काढते, म्हणजे काढायची. कोसा म्हणजे ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या रानकिड्याचं रेशीम. ढीवर लोक जंगलात किडे राखायचे, कोसे उतरवून आणायचे, आणि आमच्या कोष्टी आळीतल्या बायका ते उकळून त्यातून धागा काढायच्या. चरख्यावर नव्हे, मांडीवर. लुगडं मांडीपर्यंत वर घ्यायचं, पाच-सहा कोशांचे धागे एकत्र धरायचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळत राहायचं. सकाळी बसलं की दुपारपर्यंत. आईच्या डाव्या मांडीवर वीतभर लांब, काळा, गुळगुळीत घट्टा आहे. तिथे चिमटा काढला तर तिला कळत नाही. लहानपणी मी काढून बघितलाय.

त्या मांडीवर माझं शिक्षण झालं. नागपूरच्या कॉलेजात असताना हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि पुण्यात लग्न ठरलं तेव्हा तर मुळीच नाही. सासरी ‘आमचा टेक्स्टाइलचा व्यवसाय आहे’ एवढंच सांगितलं. गावी मी तिला माय म्हणायचे. पुण्यात आणि नंतर लीड्सला तिची आई झाली. तिने कधी विचारलं नाही की हे नाव कधी बदललं. तिला बहुतेक वाटलं असेल, डॉक्टरच्या आईला आईच म्हणत असतील.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा आमच्याकडे आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. नवरा सोमवार ते शुक्रवार रीडिंग शहरात ऑफिसजवळ राहतो, मी वॉर्डावर, आणि नऊ वर्षांची मुलगी शाळेतून आली की घरी कोणी नाही. आईला बोलवायचं खरं कारण हेच होतं. तिला सांगितलं, तुला नातीबरोबर राहायला मिळेल. तिने ते खरं मानलं आणि दोन महिन्यांत खरं करूनही दाखवलं. माझी मुलगी, जिच्या तोंडून मराठी वाक्य काढायला मला धाकदपटशा करावा लागायचा, ती आजीच्या मागेमागे ‘आजी, हे काय करतो? आजी, ते कुठे ठेवली?’ करत फिरायला लागली. मला बरं वाटायचं आणि थोडं झोंबायचंही.

त्या टर्मला तिच्या वर्गाला विषय होता रेशीम. शाळेने टपालाने किडे मागवले, तीस मुलांना तीस. कोणाच्या तरी परसात तुतीचं झाड होतं, त्याचा पाला मुलं आळीपाळीने आणायची. मुलगी रोज नवी गोष्ट घेऊन यायची आणि डायनिंग टेबलवर बसून अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मोडक्या मराठीत आजीला सांगायची. चीनच्या राणीच्या चहात कोसा पडला, ती काढायला गेली तर धागा सुटत सुटत आला, आणि तिथून जगात रेशीम सुरू झालं.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, “चहा फेकला नाई तिनं? उकळत्या पाण्यातला मेलेला किडा पाहून जे बाई धागा वढत बसते ते राणी नसन, आमच्यातलीच कोणी असन. राणीचं नाव मागाहून लावलं असन.”

मुलगी पोट धरून हसली. मग पुढची गोष्ट. चीनने हे गुपित फार वर्षं सांभाळलं, अंडी देशाबाहेर नेणाऱ्याला मारून टाकायचे. शेवटी म्हणे एका राजकन्येचं लग्न दूरच्या राज्यात ठरलं आणि तिने केसांच्या अंबाड्यात अंडी लपवून नेली. नंतर दोन साधूंनी पोकळ काठ्यांत घालून ती पश्चिमेकडे आणली. मग इटली, मग फ्रान्स. आणि इथल्या एका राजालाही वाटलं की आपणही रेशीम करावं, म्हणून त्याने देशभर तुतीची झाडं लावायला लावली, पण लावली काळी तुती. किड्यांना हवी होती पांढरी.

“मंग मेले?”

“खूप नाही झाला. फ्लॉप,” मुलगी म्हणाली.

“राजानं कोण्या बाईले विचारलं असतं तं सांगितलं असतं तिनं.”

तिच्या वहीत नकाशा होता, चीनपासून युरोपापर्यंत लाल रेघ. आईने विचारलं, यात आपलं गाव कुठे? मुलीने खाली हिंदुस्थानाच्या पोटात बोट ठेवलं. लाल रेघ तिथे येतच नव्हती. आई म्हणाली, “येनच कशी? आपला कोसा कोणी चोरून नाई आणला. झाडावर होताच तो.” मुलीने हिरव्या पेनने तिथे एक टिंब दिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की माझी आजी रेशीम काढते. घरी, हाताने.

म्हणून मला शाळेच्या गेटवर तिच्या बाईंनी थांबवलं. तरुण मुलगी, पंचविशीची, गालावर सदैव उत्साह. आजी वर्गात येऊन मुलांना दाखवतील का, किती छान होईल, असं काहीसं म्हणाली. माझ्या डोळ्यांसमोर आलं, वर्गाच्या गालिच्यावर माझी आई बसली आहे, लुगडं मांडीवर घेतलंय आणि तीस गोरी-सावळी पोरं तो काळा घट्टा बघताहेत. मी हसून म्हटलं, मुलं काहीही सांगतात, माझ्या आईला त्यातलं काही येत नाही.

हे पहिलं खोटं. बिनव्याजी गेलं, म्हणून पुढची सोपी झाली.

मे महिन्याच्या शेवटी आठवड्याची सुट्टी लागली. तोवर किड्यांनी कोसे विणले होते. सुट्टीत खोका कोणाकडे जाणार याची वर्गात चिठ्ठी काढली आणि ती माझ्या मुलीच्या नावाची निघाली. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात एकेक कोसा, पांढरा, अंगठ्याएवढा, आणि खळग्याच्या कडेला प्रत्येक मुलाचं नाव लिहिलेलं. सुट्टीनंतर पाखरं बाहेर येणार, मुलं ती पाहणार, अंडी घातली की पुढच्या वर्गाला देणार. बरोबर एक कागद होता, हात लावू नका, उन्हात ठेवू नका वगैरे. मी तो फ्रीजवर लावला. माझ्या आईला वाचता येत नाही हे माझ्या लक्षात होतं, पण तिला हात लावावासा वाटेल हे लक्षात आलं नाही.

ती रोज त्यातला एखादा कोसा कानाशी धरून हलवायची. बुधवारी सकाळी मी निघाले होते. मुलगी आधीच गाडीत जाऊन बसलेली, तिला सुट्टीतल्या क्लबला सोडायचं होतं. मी दारात, हातात किल्ली, कानाला फोन, आणि फोनवर वॉर्डातली ज्युनिअर कुणाच्या तरी सोडियमबद्दल रडगाणं गात होती. आई स्वयंपाकघरातून आली.

“कोसे पिकले हायेत बाई. आज-उद्यात पाखरं भोक पाडतीन, मंग सूत काही कामाचं नाई राहणार. आजच उकळून घेऊ काय?”

मी म्हणाले, “हो हो, कर, कर.”

मला ऐकू आलं होतं. लोक म्हणतात ना, कामाच्या गडबडीत लक्ष नव्हतं, तसं नव्हतं. शब्द न् शब्द ऐकू आला होता. फक्त तिचं बोलणं अर्थ लावण्याच्या लायकीचं असतं असं मला तेव्हा वाटत नव्हतं. तिच्या शंभर प्रश्नांना मी हेच उत्तर द्यायचे.

संध्याकाळी पाचला मी आणि मुलगी घरात शिरलो तेव्हा आंबूस, उग्र वास भरला होता. मला तो लगेच ओळखू आला. तो माझ्या लहानपणाचा वास होता. मुलगी नाक दाबून स्वयंपाकघरात धावली.

आई जमिनीवर बसली होती. लुगडं डाव्या मांडीपर्यंत वर. शेजारी दुधाचं पातेलं, त्यात सोड्याचं पाणी. वर्तमानपत्रावर तपकिरी, उकडलेले तीस किडे ओळीने मांडलेले. मोजायला सोपे पडावेत म्हणून ती नेहमीच तसे मांडते. आणि लाटण्यावर गुंडाळलेलं सूत, इतकं पांढरं आणि बारीक की मी आयुष्यात तिच्या हातून तसं निघालेलं पाहिलं नव्हतं. कोशाचं सूत तांबूस, जाड असतं. हे तुतीचं होतं. तिचा चेहरा फुलला होता.

“पाहा,” ती नातीला म्हणाली, “एकही धागा नाई तुटला. तुह्या बाईले दाखवजो. अशी मऊ जात मी कधी हातात नाई धरली वो.”

मुलगी ट्रेकडे बघत होती. रिकामे तीस खळगे, तीस नावं. मग ती किंचाळली. त्या किंचाळण्यात ना मराठी होती ना इंग्रजी. आई घाबरून उठायला गेली आणि मांडीवरचा धागा तुटला.

“आजी, ते सगळं मेला! तू मारला! ते माझ्या फ्रेंड्सचे होते!”

आईला खरंच कळेना. ती म्हणत राहिली, “अवो, ते तं मरतातच. बाहेर येऊन का करते ते पाखरू? तोंड नाई त्याले, खात नाई, उडत नाई. चार दिसात मरते. सूत तेवढं वाया जाते.” सगळं बरोबर होतं. तिच्या आयुष्यात कोणी कोसा पाखरू पाहायला ठेवला नव्हता. ज्या घरात कोसा फुटला ते घर आळशी बाईचं. आपल्या नातीच्या शाळेचा माल आपल्या डोळ्यांदेखत नासतोय आणि लेक कामाला जुंपलेली, म्हणून तिने दिवसभर खपून तो वाचवला होता.

“तूच तं हो म्हटलं सकाळी,” ती माझ्याकडे वळून म्हणाली.

मुलीनेही माझ्याकडे पाहिलं. “मम्मा? तू सांगितलं आजीला?”

त्या दोघींमध्ये मला एकीला निवडायचं होतं आणि मला वेळ लागला नाही.

“नाही,” मी म्हणाले. “आई, तू मला विचारलंच नाहीस.”

 आईने लुगडं खाली घेतलं, पातेलं उचललं आणि घासायला लागली. ते किडे तिने बागेत पुरले की कचऱ्यात टाकले, मला माहीत नाही. सूत मी काळ्या पिशवीत भरून बिनमध्ये टाकलं. इतकं चांगलं सूत होतं ते. आता कधी कधी हातांना आठवतं.

मुलीने तिच्या मैत्रिणीला टॅबवरून कळवलं होतं. तासाभरात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. कोणीतरी लिहिलं, जिवंत उकळले? कोणी रडका चेहरा टाकला. एकीने लिहिलं की वेगवेगळ्या कल्चरमध्ये प्राण्यांकडे बघायची दृष्टी वेगळी असते, आपण जजमेंटल होऊ नये. आणि मला त्याच मेसेजचा सगळ्यात जास्त राग आला. यांच्यातल्या निम्म्या बायकांकडे रेशमी स्कार्फ होते. ते काय किड्यांनी स्वखुशीने काढून दिले होते? पण हे मी लिहिलं नाही. मी पंधरा वर्षं घासूनपुसून स्वतःला जे बनवलं होतं, त्या ग्रुपमधली हसरी, घरी केक करून आणणारी डॉक्टर, ते एका संध्याकाळी उकळून निघालं होतं, आणि तिथे उरली होती आळीतली कोष्ट्याची पोर.

मी बाईंना ईमेल लिहिला. लिहिलं, मला हे सांगताना फार जड जातंय, पण माझ्या आईमध्ये स्मृतिभ्रंशाची सुरुवातीची लक्षणं दिसताहेत. मी याच क्षेत्रात काम करत असून घरात माझं दुर्लक्ष झालं, याची मला लाज वाटते. मुलांची मनापासून माफी मागते.

चांगला लिहिला होता. रोज नातेवाईकांना अशाच आवाजात समजावते मी. दहा मिनिटांत उत्तर आलं, आणि बाईंनी माझ्या परवानगीने ग्रुपवर थोडक्यात सांगितलं. मग काय, सगळा नूरच पालटला. फुलं, हृदयं, तुझ्या आईला मिठी. जिने कल्चरचं लिहिलं होतं तिने दुसऱ्या दिवशी लसान्या आणून दिला. अडाणी आईपेक्षा आजारी आई समाजात खपते. मी तो लसान्या गरम केला आणि आम्ही तिघींनी खाल्ला. आईला तो आवडला.

मुलीलाही तेच सांगावं लागलं, नाहीतर तिने शाळेत वेगळंच बोलून ठेवलं असतं. म्हटलं, आजीला विसरायचा आजार होतोय, तिला कळत नाही ती काय करते, तू रागावू नकोस. तिला सांगूही नकोस. माझ्या मुलीने आजीला त्या क्षणी माफ केलं. मुलांचं मन मोठं असतं. पण त्यानंतर ती आजीला काही विचारीना. जिन्यावर हात धरायची. ‘आजी, बस. आजी, हळू,’ असं सावकाश, मोठ्याने बोलायची. आजी गोष्ट सांगायला लागली की मान हलवून ऐकायची, जशी मी माझ्या पेशंटांचं ऐकते तशी. आईला वाटलं, पोरगी रुसली आहे, निवळेल.

आठवड्याने आई मुलीला शाळेतून आणायला गेली. बाई गेटवर वाट बघत होत्या. पुढचं मला मुलीने सांगितलं. बाईंनी आईचे दोन्ही हात हातात घेतले, वाकून, तोंडाजवळ तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत काहीतरी म्हणाल्या आणि मुलांनी बनवलेलं मोठं कार्ड दिलं. त्यावर तीस पाखरं काढलेली, रंगीत, प्रत्येकाखाली सही. आईने विचारलं, “काय लिवलं हाये?”

नऊ वर्षांच्या मुलीला भाषांतर करायला सांगितलं की ती प्रामाणिकपणे करते. ती म्हणाली, “लिहिलंय की तुझी चूक नाही, आजी. तुझा ब्रेन आजारी आहे. मम्माने मिसला सांगितलं.”

मी घरी आले तेव्हा आई सोफ्यावर बसली होती, कार्ड मांडीवर. स्वयंपाक झालेला नव्हता. असं कधीच झालं नव्हतं. मला बघून म्हणाली, “तू लोकायले तपासते ना? मले तपास.”

मी म्हटलं, “आई, काहीतरीच काय, तुला काही झालेलं नाही.”

“तपास म्हणते ना मी.”

मला वाटलं, ही सुटण्याची वाट आहे. तिला तपासते, सगळं ठीक निघेल, मग सांगते की माझाच अंदाज चुकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी रोजचे प्रश्न मराठीत विचारायला लागले. हे साल कोणतं? तिला माहीत नव्हतं; तिला आयुष्यात कोणी साल विचारलंच नव्हतं. महिना कोणता? “जेठ सरत आला असन,” ती म्हणाली, आणि ते अगदी बरोबर होतं, पण तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून लगेच ते मागे घेतलं. तीन शब्द दिले, तांब्या, घोडा, चिंच, आणि थोड्या वेळाने विचारले. ती घाबरली होती. तांब्या आणि चिंच आठवले, घोडा राहिला. मग मी, का कोण जाणे, सवयीने, कागद पुढे केला आणि म्हणाले, घड्याळ काढ. तिने पेन्सिल मुठीत धरली. दुसरीत शाळा सुटल्यापासून तिने पेन्सिल धरली नव्हती. वेडावाकडा गोल काढला आणि आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले.

मी ज्युनिअरांना शिकवते की ही परीक्षा न शिकलेल्या माणसांना लावू नका, खोटा निकाल येतो. आईलाही तेच सांगितलं. “हे शाळा शिकलेल्यांसाठी आहे. याच्यावरून काही ठरत नाही.”

ती कागदाकडे बघत होती. “मास्तरीण बाईले तूच सांगितलं ना?”

“मला तसं वाटलं होतं.”

“बरं. एकच सांग मले.” तिने पेन्सिल नीट टेबलाच्या मध्यावर ठेवली. “त्या दिवशी मी तुले विचारलं होतं का नाई?”

मुलगी शेजारच्या खोलीत होती, दार उघडं होतं, टीव्ही बंद होता. मी तिथे ‘हो’ म्हणू शकले असते. त्याने काय झालं असतं? मुलगी चार दिवस माझ्यावर चिडली असती. शाळेत थोडी शोभा झाली असती. याहून जास्त काही नाही. माझ्या आईचं मात्र सगळं पणाला लागलं होतं: तिला स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवता येईल की नाही, एवढंच.

“नाही, आई,” मी म्हणाले. “नव्हतं विचारलंस.”

तिने मान हलवली. रडली नाही. “मंग हायेच आजार,” ती म्हणाली. “कारण मले तं साफ दिसते. तू दारात उभी होती. किल्ली होती तुह्या हातात. फोन होता. हो हो, कर, कर म्हटलं तू.” मग ती उठली आणि गॅस लावायच्या आधी थांबून तिने मला विचारलं, लावू काय?

तिने परत जायची घाई केली. म्हणाली, इथे काही उलटसुलट हातून झालं तर परक्या देशात तुला त्रास. सप्टेंबरचं तिकीट बदलून जूनच्या अखेरीचं घेतलं. विमानतळाकडे जाताना नवरा गाडी चालवत होता. त्याला मी खरं काय ते सांगितलं होतं. तो म्हणाला होता, आता झालं ते झालं, उकरून काढून कोणाचं भलं होणार? पुणेरी समंजसपणा. मला तेव्हा तो सोयीचा वाटला. गेटपाशी मुलीने आजीला घट्ट मिठी मारली आणि तिच्या गळ्यात एक कार्ड अडकवलं. त्यावर इंग्रजीत आमचे फोन नंबर होते, हरवली तर सापडावी म्हणून.

गावी गेल्यावर तिने सूत काढणं सोडलं. माझ्या वहिनीने फोनवर सांगितलं की आळीतल्या बायका कोसे घेऊन आल्या तर त्यांना म्हणाली, माझ्याकडे नका देऊ, माझं डोकं गेलंय, लेक डॉक्टर आहे, तिने तपासून सांगितलंय. सूत गुंडाळायची फिरकी तिने शेजारणीला देऊन टाकली. वहिनीने मला विचारलं, औषध नाही का काही यावर? मी म्हटलं, बघते.

मग दिवाळीच्या आधी एका रविवारी मला राहवलं नाही. व्हिडिओ कॉल लावला. ती अंगणात बसली होती, हात मांडीत रिकामे. मी म्हटलं, “माय, ऐक. तू मला विचारलं होतंस. मी दारात होते. किल्ली होती माझ्या हातात. हो, कर, असं मीच म्हणाले. मी खोटं बोलले. लाजेपायी बोलले. तुला काही झालेलं नाही, कधीच नव्हतं.” पंधरा वर्षांनी माय म्हटलं होतं. मी रडत होते, नाक पुसत होते, ते तिला दिसत होतं.

 ती मायेने हसली.

“तुले असंच बोलावं लागते,” ती म्हणाली. “पेशंटले बरं वाटावं म्हणून. मले माहीत हाये. लय चांगली डॉक्टर हाये तू.”

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. मुलीची शपथ घेतली. ती म्हणाली, पोरीची शपथ नको घेऊ, माझ्यासाठी कशाला एवढं करतेस.

तेव्हापासून दर रविवारी फोन करते. आता तिच्या अंगात काम उरलं नाही, फक्त विचारणं उरलं आहे. वहिनी सांगते, भात लावायचा असला की विचारते, दार लावायचं असलं की विचारते, आणि ते काम झालं की पुन्हा येऊन म्हणते, मी तुले विचारलं होतं ना? वहिनी दर वेळी होय म्हणते. आई मान हलवते, आणि तिचा विश्वास बसत नाही.